शिकारी बाणाचे वजन आणि कार्बनची दांडी

धनुष्यबाणाने हरणाची शिकार करणाऱ्या अमेरिकन माणसाने गेल्या तीसेक वर्षांत बाणाची दांडी बदलली. आधी ती ॲल्युमिनियमची नळी होती, आता कार्बन तंतूंची आहे. कारण विचारले तर बहुतेक जण एकाच शब्दात सांगतात : वेग. कार्बन हलका, म्हणून बाण वेगवान, म्हणून त्याचा मार्ग सपाट. या साखळीतली प्रत्येक कडी खरी आहे. तरीही शिकाऱ्यापुरते बोलायचे तर कार्बनकडे वळण्याचे हे सर्वांत दुबळे कारण आहे, असे मला वाटते. कार्बनने खरे केले ते इतकेच की दांडीचा ताठरपणा आणि दांडीचे वजन यांची जुनी गाठ सोडवली. दांडीतून काही ग्रॅम मोकळे झाले. ते वेगावर उधळायचे की बाणाच्या टोकाकडे गुंतवायचे, हा निर्णय शिकाऱ्याच्या हाती आला. पहिल्या लाटेत बहुतेकांनी ते उधळले.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे हे विवेचन अमेरिकेतल्या कायदेशीर धनुष्य-हंगामाचे आहे. विस्कॉन्सिन राज्याने १९३४ मध्ये असा पहिला स्वतंत्र हंगाम ठेवला आणि पुढे बाकीची राज्ये त्या वाटेने गेली. तिथला नेहमीचा प्राणी म्हणजे व्हाइटटेल हरीण आणि नेहमीचे अंतर वीस ते तीस यार्ड. यार्ड म्हणजे ९१ सेंटिमीटर. पुढची सगळी गणिते हे हरीण आणि हे अंतर धरून केली आहेत.

धातू आला कसा

ॲल्युमिनियमच्या बाणाशी कॅलिफोर्नियाच्या डग ईस्टन यांचे नाव जोडलेले आहे. १९२२ पासून ते लाकडी बाण बनवत. लाकडाची अडचण प्रत्येक कारागिराला ठाऊक होती : एकाच झाडाच्या एकाच फळीतून काढलेल्या दोन दांड्याही वजनाला आणि वाकण्याला सारख्या निघत नाहीत, आणि पावसाळी हवेत सरळ दांडी वाकडी होते. १९३९ च्या सुमारास त्यांनी ॲल्युमिनियमच्या नळ्या वापरून पाहिल्या. युद्धात धातू मिळेना. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, त्यांच्या नळ्या बाजारात आल्या. पुढे त्यासाठी जो मिश्रधातू रूढ झाला तो ७०७५, म्हणजे जस्त मिसळलेले, विमानाच्या सांगाड्यात वापरले जाणारे ॲल्युमिनियम.

दुसरा बदल धनुष्यात झाला. मिसूरीच्या हॉलेस विल्बर ॲलन यांना १९६९ मध्ये कंपाउंड धनुष्याचे पेटंट मिळाले. टोकांना चाके बसवलेल्या या धनुष्यात दोरी पूर्ण ओढली की हातावरचा भार निम्म्याहून खाली येतो आणि शिकारी शांतपणे नेम धरू शकतो. पण दोरी सुटताना बाणावर पडणारा जोर पूर्वीपेक्षा बराच जास्त. लाकडी दांडीने हे सोसणे कठीण होते, ॲल्युमिनियमची नळी मात्र त्याला पुरून उरली. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत कंपाउंड धनुष्य आणि ॲल्युमिनियमचा बाण एकमेकांच्या आधारानेच पसरले.

कार्बनची सुरुवात अडखळत झाली. ऐंशीच्या दशकात आलेल्या शिकारी कार्बन दांड्यांत सगळे तंतू लांबीच्या दिशेने धावत आणि राळेत ओढून काढलेले असत. अशी दांडी बारीक आणि ताठ, पण तंतूंना आडवे बांधून ठेवणारे काही नसल्यामुळे ती उभी चिरायची. व्यास इतका लहान की टोक बसवायचा इन्सर्ट आत जाईना. तो टोपीसारखा बाहेरून चढवावा लागे, आणि बाण ठेवायच्या टेकूवर त्याची कड अडकायची. या दांड्यांनी कार्बनला जे वाईट नाव दिले ते बरीच वर्षे टिकले. सुधारणा झाली ती राळेत भिजलेले कार्बनचे कापड सळईवर गुंडाळून, आडवे थर घालून, दांडी बनवायला लागल्यावर. व्यास मोठा झाला, इन्सर्ट आत गेला, आणि नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात वारे फिरले.

ताठरपणा आणि वजन

धनुष्यातून सुटणारा बाण सरळ जात नाही. तो मासळीसारखा वळवळत जातो. दोरी मागून ढकलते, पुढे टोकाचे वजन जागचे हलायला तयार नसते, आणि मधली दांडी दबून वाकते. क्लॅरन्स हिकमन या भौतिकशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात अतिवेगवान चित्रीकरण करून हे वाकणे डोळ्यांना दाखवले. साध्या धनुष्यात बोटांवरून दोरी सुटली की बाण मुख्यतः आडवा वळवळतो. कंपाउंडला दोरी सोडणारा यांत्रिक रिलीज लावला की तो अधिक करून उभा वळवळतो. कसेही असले तरी वाकणे बेताचे हवे आणि लवकर विरायला हवे.

या वाकण्याचे माप म्हणजे स्पाइन. २८ इंचांवर दोन आधार ठेवून दांडी आडवी ठेवायची, मध्यावर १.९४ पाउंडांचे वजन टांगायचे, आणि ती किती इंच झुकली ते पाहायचे. ०.४०० इंच झुकली तर स्पाइन ४००. आकडा जितका लहान तितकी दांडी ताठ. हा स्थिर स्पाइन झाला. प्रत्यक्ष सुटताना दांडी किती वाकेल ते तिची लांबी, टोकाचे वजन, धनुष्याची ताकद आणि चाकांचा आकार मिळून ठरवतात. दांडी एक इंच लांब ठेवली किंवा टोक पन्नास ग्रेनने जड केले की तीच दांडी मऊ असल्यासारखी वागते. ग्रेन हे बाणाच्या दुनियेतले वजन. १ ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम.

ॲल्युमिनियमच्या दांडीवर चार आकडी संख्या छापलेली असते आणि ती वाचता आली की दांडी वाचता येते. २११७ मधले २१ म्हणजे बाहेरचा व्यास २१/६४ इंच आणि १७ म्हणजे नळीच्या भिंतीची जाडी ०.०१७ इंच. ताठरपणा वाढवायचा तर दोन वाटा : भिंत जाड करा किंवा व्यास वाढवा. भिंत जाड केली की वजन वाढते. व्यास वाढवून भिंत पातळ केली तर वजन आटोक्यात राहते, पण पातळ नळीला पोचा लवकर येतो. मोठ्या व्यासाच्या, पातळ भिंतीच्या ॲल्युमिनियम दांड्या वेगाच्या हौसेने आल्या आणि एका दगडावर आपटल्या की कामातून गेल्या. धातूची ही कोंडी आहे, कारागिराच्या कौशल्याचा त्यात दोष नाही. ७०७५ ॲल्युमिनियमचा लवचिकता गुणांक सुमारे ७२ गिगापास्कल आणि घनता २.८. सरळ तंतूंच्या कार्बन संमिश्राचा गुणांक १३० ते १४० च्या आसपास आणि घनता १.६. म्हणजे तेवढ्याच वजनात कार्बन तिपटीहून जास्त ताठ. आडवे थर घातले की हा फायदा थोडा घटतो, पण नाहीसा होत नाही.

एक गोष्ट आकड्यांत दिसत नाही. २११७ आणि स्पाइन ४०० ची कार्बन दांडी परीक्षेत सारख्याच झुकतात, पण कार्बनची दांडी हलकी असल्यामुळे तिची कंपने सुमारे पाचव्या हिश्शाने जलद होतात. धनुष्य सोडल्यावर ती लवकर सावरते, आणि लक्ष्यात घुसतानाही लवकर सावरते. घुसण्याच्या क्षणी वाकलेली दांडी जखमेच्या कडांवर घासून ऊर्जा वाया घालवते, म्हणून हा फायदा लहान नाही. वेगाच्या जाहिरातीत तो कधी सांगितला जात नाही, एवढेच.

उलट बाजूने ॲल्युमिनियमच्या पारड्यातही एक वजन टाकले पाहिजे. ओढून काढलेली धातूची नळी सगळ्या बाजूंनी सारखी असते आणि एका डझनातल्या बाणांच्या वजनात फारसा फरक सापडत नाही. गुंडाळलेल्या कार्बन दांडीला मात्र कापडाची कड जिथे संपते तिथे एक ताठ बाजू राहते. चांगल्या प्रतीच्या दांड्यांत हा दोष कमी, स्वस्त दांड्यांत जास्त. काही शिकारी मागचा नॉक, म्हणजे दोरीत अडकणारी खाच, थोडाथोडा फिरवून प्रत्येक बाणाची ती बाजू एकाच दिशेला आणतात. ॲल्युमिनियम वापरणाऱ्याला ही खटपट कधी करावी लागली नाही.

तीन बाणांचा हिशेब

आता ६० पाउंडांचे कंपाउंड धनुष्य आणि २९ इंचांची दांडी घेऊ. पहिला बाण २११७ ॲल्युमिनियमचा. दांडीचे वजन इंचाला सुमारे १२ ग्रेन, म्हणजे ३४८ ग्रेन; त्यात इन्सर्ट ३०, नॉक १४, पिसे २४ आणि १०० ग्रेनचे शिकारी पाते मिळवले की एकूण ५१६ ग्रेन, म्हणजे ३३ ग्रॅम. दुसरा बाण स्पाइन ४०० कार्बनचा, इंचाला साडेआठ ग्रेन. नेहमीचे हलके इन्सर्ट, नॉक व पिसे आणि तेच पाते धरून ३८६ ग्रेन, म्हणजे २५ ग्रॅम. पहिला सेकंदाला २४० फूट वेगाने सुटतो असे धरू. धनुष्य दोन्ही बाणांना जवळपास तेवढीच ऊर्जा देते. थोडी दोरी आणि चाके हलवण्यात जाते. तो वाटा वजा करून हिशेब केला की दुसऱ्या बाणाचा वेग २७३ फुटांच्या आसपास येतो. हे कागदावरचे गणित आहे. प्रत्येक धनुष्यात पाच-सात फूट इकडेतिकडे होतील.

सेकंदाला तेहतीस फूट वाढ ही ऐकायला मोठी वाटते. तिने शिकाऱ्याला काय दिले? समजा त्याने हरीण ३० यार्डांवर आहे असा अंदाज केला आणि ते होते ३५ यार्डांवर. ॲल्युमिनियमचा बाण नेमापेक्षा साडेतेरा सेंटिमीटर खाली लागेल, कार्बनचा साडेदहा. फरक तीन सेंटिमीटर. हरणाच्या हृदय-फुप्फुसाचे वर्तुळ वीस ते पंचवीस सेंटिमीटर रुंद असते; मध्यावर धरलेला नेम साडेदहा खाली गेला काय किंवा साडेतेरा, दोन्ही बाण त्या वर्तुळाच्या कडेवर किंवा कडेबाहेर. २० यार्ड समजून २५ वर मारला तर फरक अडीच सेंटिमीटरच्याही आत. शिवाय आता बहुतेकांच्या गळ्यात लेसरचा अंतरमापक असतो आणि पाच यार्डांची चूक होण्याचे कारणच उरत नाही. सपाट मार्गाचा युक्तिवाद अंतरमापक येण्यापूर्वीच्या काळात जितका वजनदार होता तितका आज राहिलेला नाही.

वेगाच्या बाजूने याहून चांगला मुद्दा हरणाच्या दचकण्याचा आहे. दोरीचा आवाज ऐकून व्हाइटटेल पळण्यासाठी आधी पाय दुमडून खाली बसते, आणि बाण त्याच्या पाठीवरून जातो. तीस यार्डांवर आवाज ०.०८ सेकंदात पोचतो. पहिला बाण ०.३७५ आणि दुसरा ०.३३ सेकंदात. हरणाला प्रतिक्रियेला एक दशांश सेकंद लागतो असे गृहीत धरले आणि ते मोकळे पडण्याच्या वेगाने खाली गेले, तर पहिल्या बाणापुढे ते सुमारे एकोणीस सेंटिमीटर खाली गेलेले असेल आणि दुसऱ्यापुढे अकरा. हा आठ सेंटिमीटरचा फरक अंतराच्या चुकीपेक्षा खूप मोठा. पण इथेच एक मेख आहे. हलका बाण धनुष्याची कमी ऊर्जा उचलतो. उरलेली ऊर्जा दोरीत आणि धनुष्याच्या भुजांत थरथरते आणि तिचा आवाज होतो. म्हणजे जो बाण हरणापर्यंत लवकर पोचतो तोच हरणाला जास्त मोठ्याने सावध करतो. दचकणारे हरीण आणि न दचकणारे हरीण यांच्यातला फरक पाच-पंचवीस फूट वेगापेक्षा शांत धनुष्याने जास्त पडतो, असे माझे मत आहे. ते सिद्ध करायला माझ्याकडे हरणांची मते नाहीत.

आता देण्याची बाजू. पहिल्या बाणाची गतिज ऊर्जा सुमारे ८९ जूल, दुसऱ्याची ८७. जवळपास सारखी. पण संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, पहिल्याचा २.४५ आणि दुसऱ्याचा २.०८ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. पंधरा टक्के घट. बाणाचे पाते मांस कापत जाते. अडथळा त्याला थांबवू पाहतो आणि तो अडथळा सहन करण्याची क्षमता ऊर्जेपेक्षा संवेगातून अधिक नीट कळते. फासळीतून गेलेल्या नीट नेमाच्या बाणाला दोन्हींपैकी कुठलाही संवेग पुरतो. प्रश्न येतो तो खांद्याच्या हाडाशी, तिरक्या कोनात, किंवा या हरणाऐवजी त्याहून खूप मोठा एल्क असेल तेव्हा. ज्यांनी नव्वदच्या दशकात कार्बन घेतला आणि वर्षभराने बाण आरपार जात नाहीत अशी तक्रार केली, त्यांनी दांडीला दोष दिला. दोष आठ ग्रॅम कमी करण्याचा होता.

म्हणून तिसरा बाण. दांडी कार्बनचीच, पण स्पाइन ३४० किंवा ३००, इंचाला सव्वानऊ-साडेनऊ ग्रेन. पुढे ७५ ग्रेनचा पितळी इन्सर्ट आणि १२५ ग्रेनचे पाते. टोकाचे वजन वाढले की दांडी मऊ वागते, म्हणून ती मुळातच ताठ घ्यावी लागते. हे विसरणारे पुष्कळ असतात आणि मग चाचणीसाठी कागदातून मारलेला बाण वेडीवाकडी फाडखूण करतो. या बाणाचे एकूण वजन सुमारे ४९८ ग्रेन, वेग २४४, ऊर्जा ८९ जूल, संवेग २.४०. म्हणजे आपण जवळजवळ ॲल्युमिनियमच्या बाणापाशी परत आलो. मग बदलले काय? तोल. बाणाचा तोलबिंदू दांडीच्या मध्यापासून किती पुढे आहे, हे लांबीच्या टक्क्यांत मोजतात. त्याला एफओसी म्हणतात. ॲल्युमिनियमच्या बाणात तो पावणेदहा टक्क्यांच्या आसपास येतो, हलक्या कार्बनमध्ये बारा, आणि या तिसऱ्या बाणात अठरा. तेवढेच वजन, तेवढाच वेग, पण मागची पिसे आता लांब तरफेने बाण सरळ करतात, आणि घुसताना बहुतेक वस्तुमान पुढून ओढते, मागून ढकलत नाही. ॲल्युमिनियममध्ये हेच करायला गेलो तर दांडीचेच वजन इतके असते की पुढे दीडदोनशे ग्रेन चढवून बाण सहाशे ग्रेनच्या पलीकडे जातो आणि तीस यार्डांवर उखळी तोफेसारखा वाकडा मार्ग घेतो.

पुढच्या वजनाच्या बाजूने सर्वांत मोठा आवाज एड ॲशबी यांचा. त्यांनी १९८० च्या दशकात आफ्रिकेत नाताळ इथे मोठ्या प्राण्यांवर बाणांच्या घुसण्याच्या चाचण्या केल्या आणि पुढे अनेक वर्षे त्या चालू ठेवल्या. जड हाड फोडायचे तर बाण निदान ६५० ग्रेनचा हवा आणि तोल शक्य तितका पुढे हवा, हे त्यांचे निष्कर्ष. म्हशीएवढ्या प्राण्यांवरून काढलेला ६५० चा आकडा सत्तर किलोंच्या व्हाइटटेलला लावणे मला पटत नाही. अनेक जण तो मंत्रासारखा जपतात. दिशा मात्र बरोबर आहे. आणि ॲशबींच्या यादीतली सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे बाणाची रचनात्मक मजबुती. पाते वाकले, इन्सर्ट उखडला, दांडी फुटली की वजनाचे आणि तोलाचे सगळे गणित तिथेच संपते.

खालच्या टोकाची मर्यादाही सांगायला हवी. धनुष्याच्या प्रत्येक पाउंड ताकदीमागे बाण निदान ५ ग्रेनचा असावा, असा उत्पादकांचा रूढ दंडक आहे. ६० पाउंडांना ३०० ग्रेन. त्याखाली गेले की धनुष्य रिकामे सोडल्यासारखा मार स्वतःवर घेते. ३८६ ग्रेनचा बाण या मर्यादेत आहे. तीनशेच्या काठावर नाचणारे वेगवेडे मात्र आपल्याच धनुष्याचे आयुष्य खातात.

व्यास

यावर थोडक्यात. २११७ चा व्यास ८.३ मिलिमीटर. नेहमीच्या कार्बन दांडीचा साडेसात, बारीक प्रकारांचा सहा-पावणेसात. बारीक दांडीला आडवा वारा कमी ढकलतो आणि जखमेत घर्षण कमी होते. पण बारीक दांडीला बारीक इन्सर्ट, आणि बारीक इन्सर्ट हाडावर आपटला की वाकण्याची शक्यता जास्त. पंचवीस यार्डांवर झाडावरच्या मचाणातून मारणाऱ्याला वाऱ्याचा प्रश्न जवळपास येतच नाही. वारा हा खुल्या मैदानातला शत्रू आहे. सातारा-नागपूरकडच्या कंपाउंड तिरंदाजांना, म्हणजे २०२३ च्या बर्लिनमधल्या जागतिक स्पर्धेत वैयक्तिक सुवर्ण जिंकणाऱ्या अदिती स्वामी आणि ओजस देवतळे यांच्या प्रकारात, ५० मीटरवर बारीक कार्बनयुक्त दांडीला पर्याय नाही. तेच तिरंदाजीचे जग सभागृहात १८ मीटरवर गेले की उलटे होते. वारा नाही, आणि जाड बाण रेषेला स्पर्श करून वरचा गुण मिळवून देतो. जागतिक संघटनेने व्यासाची मर्यादा ९.३ मिलिमीटर ठेवली आहे. २३/६४ इंचाची ॲल्युमिनियम नळी ९.१ ची असल्याने ती बरोबर त्या मर्यादेखाली बसते. म्हणून ॲल्युमिनियम तिथे आजही खपते.

मोडण्याची रीत

इथे दोन्ही पदार्थांच्या स्वभावात खरा फरक आहे आणि नव्याने कार्बन घेणाऱ्याने सर्वांत जास्त लक्ष इथेच द्यावे. ॲल्युमिनियमचा बाण वाकतो. दगडाला लागला, हरणाने पळताना झाडावर आपटला, की नळीला बाक येतो किंवा पोचा पडतो. तळहातावर फिरवला की थरथर लगेच कळते. थोडा बाक घरच्या घरी, डायल लावलेल्या साध्या यंत्रावर काढता येतो. म्हणजे ॲल्युमिनियमचा बाण बिघडला तर सांगून बिघडतो, आणि त्याचा राग फक्त नेमावर निघतो.

कार्बन एकतर सरळ असतो किंवा तुटलेला असतो. ही म्हण कौतुकाने सांगतात, पण त्यातच धोका आहे. आपटलेली दांडी बाहेरून सरळ आणि गुळगुळीत दिसते, आत मात्र तंतूंचे थर सुटलेले असतात. पुढच्या वेळी दोरीचा जोर बसला की ती धनुष्यातच फुटते आणि तिच्या सुयांसारख्या कांड्या धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. म्हणूनच प्रत्येक बाण मारण्याआधी दोन्ही टोके धरून तो चारी दिशांना वाकवायचा, पिळायचा, कान देऊन कडकड ऐकायची, बोटाने चीर शोधायची, अशी सूचना कार्बन दांड्यांबरोबर येते. ॲल्युमिनियमवर वाढलेल्या शिकाऱ्याला ही सवय नसते. तो दांडीकडे एका डोळ्याने पाहतो आणि भात्यात घालतो. ही सवय लागली नाही तर कार्बन घेऊच नये, इतके हे गंभीर आहे.

दुसरा प्रश्न मांसाचा. हरणात फुटलेल्या दांडीचे तंतू जखमेभोवती विखुरतात. ते शिजत नाहीत, पचत नाहीत. फुटलेल्या ठिकाणाभोवतीचे मांस सढळ हाताने कापून टाकावे लागते. ॲल्युमिनियमचा तुकडा आत राहिला तर तो हाताला लागतो. कार्बनचा तंतू दिसतही नाही.

या दोन टोकांच्या मधली तडजोड म्हणून आत कार्बन आणि बाहेर पातळ ॲल्युमिनियमचे आवरण अशी दांडी निघाली. ती जड असते, लक्ष्यातून सहज उपटता येते, आणि जड बाण हवा असलेल्यांना ती आवडते. पण आवरणाला पोचा आला तर आतल्या कार्बनचे काय झाले ते कळत नाही. मला ती दोन्ही घरचा पाहुणा वाटते.

बदल करताना

फक्त बाण बदलून भागत नाही. नेमाच्या सगळ्या पिना खाली-वर कराव्या लागतात, टेकू पुन्हा लावावा लागतो, आणि कागदातून बाण मारून फाटीवरून दांडी मऊ की ताठ ते पाहावे लागते. पिसे न लावलेला एक बाण सोबत मारून पाहणे ही त्याहून कडक परीक्षा. शेवटी शिकारी पाते लावून तपासायचे, कारण सरावाचे टोक जिथे लागते तिथेच रुंद पाते लागेल याची हमी नाही. दांडीच्या सरळपणाचे आकडे, म्हणजे ०.००३ इंच की ०.००६, इथे कळतात. रुंद, स्थिर पात्याला दांडीतला छोटा बाकही पुरतो. घडी होऊन बसणारे पाते तो बाक लपवते.

कारागिरीही बदलते. ॲल्युमिनियममध्ये इन्सर्ट गरम लाखेसारख्या गोंदाने बसवतात, आणि पाते पिसांशी जुळवायचे असेल तर थोडी आच दाखवून तो फिरवता येतो. कार्बनच्या राळेला ती आच सोसत नाही. तिथे इपॉक्सी, आणि एकदा बसला की बसला. दांडी कापायला नळी कापायचा फिरकी कातर चालत नाही, तो तंतू चिरडतो. वेगाने फिरणारे घासचाक लागते. त्या धुळीपासून नाक-डोळे झाकावेत आणि कापलेली कड आतून-बाहेरून घासून घ्यावी, नाहीतर चीर तिथूनच सुरू होते.

ज्याने ॲल्युमिनियमवरच राहावे असा शिकारीही आहे. पन्नास पाउंडांचे साधे रिकर्व्ह धनुष्य, पंधरा यार्डांच्या आतले अंतर, जड शांत बाण : त्याला २०१६ किंवा २११७ कमी पडत नाही, आणि डझनभर सारख्या दांड्या कमी पैशांत मिळतात. ऐंशीच्या दशकातले गोल चाकांचे कंपाउंड वापरणाऱ्यानेही घाई करू नये. ते धनुष्य जड बाणासाठी घडवलेले आहे. अठरावीस हंगाम ॲल्युमिनियमने आरपार मारणाऱ्याला तिसऱ्या प्रकारचा बाण हवा असेल तर घ्यावा. दुसऱ्या प्रकारचा घेऊन त्याला काही मिळणार नाही.

आणि पैसे वाचवायचे म्हणून सहा जुने, सहा नवे असा भाता कुणी भरू नये. आपल्या हिशेबातला पहिला बाण ४० यार्डांवर सुमारे १२२ सेंटिमीटर पडतो आणि दुसरा ९५. पिना जुन्या बाणाला लावलेल्या असतील तर त्याच पिनेने मारलेला कार्बनचा हलका बाण २७ सेंटिमीटर वर जाईल, म्हणजे हरणाच्या पाठीवरून. थंडीत, पहाटेच्या अंधूक उजेडात, समोर हरीण उभे असताना भात्यातून कुठला बाण हाती आला हे पाहायला कुणाला सवड नसते. एका हंगामात एकच दांडी ठेवावी, आणि ती पुरेशी नसेल तर नव्या दांडीचा सराव पुढच्या उन्हाळ्यात करावा.